मोजणारी सिस्टर

आमच्या दवाखान्यात मला नावानं ओळखणारे थोडे, 'मोजणारी सिस्टर' म्हणून ओळखणारे जास्त. काम तसंच आहे. वॉर्डाच्या कोपऱ्यात छापील फॉर्म घेऊन उभं राहायचं आणि पेशंटला हात लावताना कोण स्वतःचे हात साफ करतं, कोण करत नाही, याच्या खुणा करायच्या. पगारपत्रकावर 'इन्फेक्शन कंट्रोल नर्स' असा भारदस्त हुद्दा आहे. बाळंतिणींच्या वॉर्डातली मावशी मात्र एकदा सरळ म्हणाली, "सिस्टर, तुमाला नुसतं हुबं राहायचा पगार देतेत व्हय?"

फॉर्म जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्याचा आहे. त्यात हात साफ करायच्या पाच वेळा ठरलेल्या आहेत. पेशंटला हात लावण्याआधी. सुई, सलाईन, कॅथेटर, ड्रेसिंग असलं निर्जंतुक काम करण्याआधी. रक्त, लघवी, बेडका यांच्याशी संबंध आल्यावर. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि पेशंटला शिवलं नाही तरी त्याच्या कॉटला, लॉकरला, मॉनिटरच्या बटणाला हात लागल्यावर. अशी वेळ आली की मी एक रेघ ओढते, हात साफ झाले तर दुसरी. महिन्याअखेरीस भागाकार. निघालेले टक्के अधीक्षकांच्या टेबलावर जातात, तिथून गुणवत्ता समितीकडे, आणि तपासणीची वेळ आली की तक्त्यावर रंगीत खांब होऊन झळकतात.

काही महिने हे काम केलं आणि एक गोष्ट ध्यानात आली. ती कुठल्याही प्रशिक्षणात मला कुणी सांगितली नव्हती. पहिल्या दोन वेळा हुकतात आणि शेवटच्या तीन त्या मानानं बऱ्या पाळल्या जातात. बेडपॅन काढलं की सगळे हात धुतात, न सांगता, चोळून चोळून. तेच हात दुसऱ्या कॉटवरच्या माणसाची सलाईनची नळी जोडायला जातात तेव्हा मात्र कोरडे, स्वच्छ दिसत असतात आणि हातांना चोळायच्या हँडरबच्या बाटलीकडे वळत नाहीत. नंतर धुतलेले हात स्वतःसाठी असतात, आधी धुतलेले पेशंटसाठी. पुढे वाचलं तेव्हा कळलं की हे जगभर असंच आहे, श्रीमंत देशांतल्या दवाखान्यांतही. डॉक्टरांचे टक्के नर्सेसपेक्षा कमी निघतात, हेही तसंच सगळीकडचं. यावर आमच्या नर्सेस-रूममध्ये जो आनंद झाला तो मी फॉर्मात लिहू शकले नाही.

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला नाही. मी दारातून आत आले की वॉर्डाच्या त्या टोकाला कुणीतरी म्हणतं, "पाहुणे आले." लगेच बाटल्यांचे पंप दाबल्याचा चुकचुक आवाज सुरू होतो. अँटिसेप्टिकचा वास पसरतो. पंधरा-वीस मिनिटं सगळा वॉर्ड पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखा वागतो, मग हळूहळू विसरतो. म्हणून मी पहिल्या वीस मिनिटांच्या रेघा धरत नाही. फॉर्मात तशी सोय नाही. पण फॉर्म बनवणाऱ्यांना 'पाहुणे आले' ठाऊक नसणार.

यावर लपून मोजावं असं काहीजण सुचवतात. औषधांच्या ट्रॉलीमागे केसपेपर लिहिण्याचं सोंग करून बसावं, किंवा सीसीटीव्ही बघावा. मी लपून मोजलेलं आहे, आकडा धाडकन खाली येतो. पण वॉर्डाला कळतंच. मग पुढचा महिनाभर कुणी माझ्याशी धड बोलत नाही, आणि बोलणं तुटलं की सगळंच तुटलं. कुणाच्या हाताला पुरळ उठलाय, कुठल्या बाटलीचा पंप अडकतो, रात्री साबण संपला की काय करतात, हे मला बोलण्यातूनच कळतं.

नवजात बाळांच्या कक्षातली एक गोष्ट सांगते. दवाखाना हा नव्हे, आधीचा. आठवड्याभरात एकापाठोपाठ तीन बाळांच्या ब्लड कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू आला. एक बाळ तर दूध चांगलं ओढू लागलं होतं, वजन धरत होतं, डिस्चार्जची बोलणी चालली होती. अचानक दूध सोडलं, अंग गार, पोट फुगलेलं. मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमनी तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. कुठली अँटिबायोटिक्स चालतात आणि कुठली चालत नाहीत याची यादी तिन्हींची सारखी. हातावरच्या रेषा जुळाव्यात तशी. चालणारी औषधं यादीच्या अगदी तळाशी, तीही महागडी आणि मूत्रपिंडाला जड. मॅडम म्हणाल्या, "तीन वेगवेगळे आजार नाहीत हे. एकच जंतू आहे, फिरतोय."

फिरतोय म्हणजे कसा? त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. आम्ही सगळीकडून स्वॅब घेतले. वॉर्मर, सक्शनची बाटली, ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमधलं पाणी, लॅरिंगोस्कोपचं पातं, दूध पाजायचे वाटी-चमचे, अनेक बाळांसाठी एकच वापरलेली हेपॅरिनची कुपी, बेसिनची जाळी. जाळीत मिळाला. पण जाळीतला जंतू उडी मारून बाळापर्यंत जात नाही. मधला प्रवास हातांवरून होतो, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं, परीक्षेत सगळ्यांनी लिहिलेलं होतं.

मग मी दिवसभर त्या कक्षात नुसती बसले, फॉर्म न घेता. एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं. एका सिस्टरकडे एवढी बाळं की शेवटच्याचं फीड संपेपर्यंत पहिल्याची पुन्हा वेळ झालेली. बेसिन एकच, दाराशी. साबणाची वडी प्लास्टिकच्या डबीत, पाण्यात मऊ होऊन बसलेली. पुसायला एक टॉवेल, सगळ्यांना मिळून. हँडरबची बाटली होती. कुठल्याही कंपनीचं असलं तरी आमच्याकडे त्याला स्टेरिलियमच म्हणतात. ती कपाटात, कुलपात. बाटल्या चोरीला जातात म्हणून इनचार्ज सिस्टरनी किल्ली स्वतःकडे ठेवली होती. त्या वाईट बाई नव्हत्या. बाटली हरवली की पैसे त्यांना भरावे लागत.

त्या दिवशी कागदावर मी जो हिशेब मांडला तो पुढे सगळीकडे सांगत आले आहे. साबण-पाण्यानं नीट हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात. त्यात बेसिनपर्यंत जाणं-येणं आणि टॉवेल शोधणं धरलेलं नाही. अशा कक्षात तासाला वीस वेळा हात साफ करायची गरज पडते असं धरा, तेही कमीच आहे. म्हणजे तासातली वीस मिनिटं बेसिनपाशी. उरलेल्या चाळीस मिनिटांत आठ बाळं. कुणालाही विचारा, जमेल का? आम्ही त्या मुलींकडून न होणारी गोष्ट मागत होतो आणि झाली नाही की त्यांच्या नावापुढे फुली मारत होतो. हँडरबला वीस ते तीस सेकंद लागतात, आणि बाटली हाताशी असेल तर चालावं लागत नाही. एवढाच फरक. पण त्या फरकावर सगळं उभं आहे.

बाटल्या प्रत्येक दोन वॉर्मरच्या मध्ये टांगल्या. टॉवेल फेकला, कागदी रुमाल आणले, त्यावर खरेदी विभागाशी भांडण झालं. एका वॉर्मरवर एकच बाळ हा आग्रह मात्र चालला नाही. बाळंतिणी येतच होत्या, परत कुणाला पाठवणार? त्या तिघांतली दोन बाळं घरी गेली. नवीन केसेस थांबल्या. बाटल्यांमुळे थांबल्या की आम्ही सगळे घाबरून काळजी घेऊ लागलो म्हणून, की बेसिनची जाळी बदलली म्हणून, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. सगळं एकदमच केलं होतं.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट शिकवतात. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतिणी तापानं मरण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास, सुईणींच्या कक्षात त्याच्या निम्म्याहून कमी. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या कक्षात घालू नका म्हणून बायका हातापाया पडत. १८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाइसचा एक डॉक्टर मित्र शवविच्छेदनात बोटाला सुरी लागून वारला, आणि त्याच्या शवात तीच लक्षणं दिसली. त्यावरून यानं ताडलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासतात, ते काहीतरी हातांवरून जातं. मेच्या मध्यावर त्यानं क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर गेलेले मृत्यू उन्हाळ्यात दोन टक्क्यांच्या आसपास आले. जंतू रोग करतात हे सिद्ध व्हायला अजून बरीच वर्षं होती. पुढे त्याची नोकरी गेली, त्यानं विरोधकांना खुनी म्हणणारी पत्रं लिहिली आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून तो वारला.

ही गोष्ट 'खरं बोलणाऱ्याला जग छळतं' अशा सुरात सांगतात. मला तिच्यात दुसरंच दिसतं. त्या दवाखान्यात सगळ्यांत घातक हात सगळ्यांत शिकलेल्यांचे होते. सुईणींना शवविच्छेदनाला कुणी बोलवत नव्हतं म्हणून त्यांचे हात बरे. आणि आपल्या हातांनी माणसं मेली हे मान्य करणं ज्यांना जड गेलं, ते हुद्द्यानं मोठे होते.

मोठ्या माणसाला कोण सांगणार, हा प्रश्न आमच्याकडेही रोज सकाळी नऊ वाजता राउंडच्या रूपानं येतो. पुढे सर, मागे रेसिडेंट, त्यांच्यामागे इंटर्न, शेवटी फाइलींचा गठ्ठा घेतलेली सिस्टर. सर पहिल्या पेशंटचं पोट दाबून बघतात आणि दुसऱ्याकडे वळतात. त्यांनी बाटलीला हात लावला तर मागचे सगळे लावतात. नाही लावला तर एकही लावत नाही, अगदी माझ्याकडे बघत असला तरी. मी फॉर्मात पंधरा रेघा ओढते. खरं तर ती एकाच माणसाची रेघ असते.

आमच्या एका सर्जननी यावर स्वतःच तोडगा काढला. राउंडच्या आधी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी विसरलो तर कुणीही मला थांबवायचं. कुणीही म्हणजे मावशीसुद्धा." मावशी मागे फडकं घेऊन उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून हसल्या. आठवड्याभरानं त्यांनी खरोखरच बाटली उचलून सरांच्या पुढे धरली, काहीही न बोलता. सर थांबले, हात चोळले, "थँक यू मावशी" म्हणाले. त्या वॉर्डाचे टक्के पुढच्या महिन्यांत वाढले, आणि ते माझ्या पहिल्या वीस मिनिटांनंतरचे होते.

पुढचं मात्र कार्यशाळेत सांगितलं की लोकांना आवडत नाही. बाहेरून येणारे एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा पेशंट बघायला येतात. मावशींना वाटलं, नियम सगळ्यांना आहे. त्यांनी त्यांच्यापुढेही बाटली धरली. डॉक्टर काही बोलले नाहीत. संध्याकाळी अधीक्षकांना फोन आला की 'तुमचा चतुर्थश्रेणी स्टाफ आता आम्हाला शिकवणार का?' दुसऱ्या दिवशी मावशींची ड्युटी ओपीडीत लागली. शिक्षा म्हणून नव्हे, 'प्रशासकीय सोय' म्हणून. सर्जन सरांनी खटपट करून त्यांना परत आणलं. पण त्यानंतर त्या बाटली फक्त सरांपुढेच धरतात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सिस्टर, मला पोरीचं लगीन करायचंय."

याच मावशींवरून आणखी एक. आमच्या एक जुन्या ट्यूटर मॅडम हातांची स्वच्छता शिकवताना सोवळ्या-ओवळ्याचा दाखला देत. आजी सोवळ्यात कशी कुणाला शिवू देत नसे, तसं निर्जंतुक काम करताना शिवायचं नाही. मुलींना पटकन कळे, हसू येई, तास चांगला जाई. मला तो दाखला नको वाटतो. दवाखान्यातल्या सफाई करणाऱ्या बाया कुठल्या वस्त्यांतून येतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 'शिवू नको' हे त्यांनी आणि त्यांच्या आयांनी फार ऐकलेलं आहे, ते जंतूंसाठी नव्हतं. जन्मानंच ओवळा ठरवलेला माणूस आंघोळ करूनही ओवळाच राहायचा, तशी सोय होती ती. इथे वीस सेकंदांत मावशीचा हात आणि हृदयाच्या सर्जनचा हात सारखाच साफ होतो आणि पुढच्या पेशंटनंतर सारखाच खराब. शिकवायचं ते हे.

दागिन्यांचा विषय निघाला की मला हळू बोलावं लागतं. नवी लग्न झालेली सिस्टर आयसीयूत हिरवा चुडा घालून येते. कोपरापासून खाली काहीही नको, हा नियम. अंगठी, घड्याळ, धागा, बांगडी, सगळं काढायचं. अंगठीखाली ओल राहते, तिथे जंतू टिकतात, चोळलेलं हँडरब तिथवर पोचत नाही. हे सगळं खरं आहे, आणि सासू 'चुडा उतरवला' म्हणून बोलते हेही खरं आहे. काहीजणी ड्युटीवर येताना रुमालात बांधून लॉकरला ठेवतात आणि घरी जाताना बसस्टँडवर पुन्हा घालतात. एकीनं चुडा वाढेपर्यंत ओपीडीत बदली मागून घेतली, ती मी करून दिली. पुरुषांच्या मनगटावरचे लाल-काळे धागे काढणं त्याहून अवघड. 'देवाचं आहे' म्हटलं की मेट्रनसुद्धा गप्प बसतात. एका भूलतज्ज्ञांच्या चारही बोटांत खड्यांच्या अंगठ्या आहेत. त्यांच्या बाबतीत मी अजून हरलेली आहे.

आणि फॉर्मात ज्यांची जागाच नाही ते नातेवाईक. नर्स, डॉक्टर, मदतनीस आणि 'इतर', इतकेच रकाने आहेत. आमच्याकडे पेशंटला कूस कोण वळवतं? तोंड कोण पुसतं, नळीतून सूप कोण देतं, लघवीची पिशवी कोण रिकामी करतं? बायको, सून, मुलगा. त्यातही वॉर्डातली माणुसकी अशी की शेजारच्या कॉटवरच्या आजोबांचं कुणी नसलं तर हीच सून त्यांनाही उठवून बसवते. ती पिशवीच्या नळीला हात लावते आणि त्याच हातानं आजोबांचा मास्क सरळ करते. तिला दोष देणार कसा? ती आमचं काम करते आहे, बिनपगारी. मी आता नातेवाइकांना दुपारी डबे उघडण्याआधी दहा मिनिटं गोळा करते आणि अतिनील दिव्याखाली चमकणारी जेल त्यांच्या हाताला लावते. "नेहमीसारखे धुऊन या" म्हणते. परत येऊन दिव्याखाली हात धरले की अंगठा, बोटांची टोकं आणि नखांच्या कडा निळ्या चमकत असतात. बायका एकमेकींचे हात ओढून ओढून बघतात. एवढा परिणाम माझ्या कुठल्याच भाषणानं झालेला नाही. रेसिडेंट डॉक्टरांनाही मी तीच जेल लावते. अंगठे त्यांचेही राहतात.

पाण्याबद्दल न लिहिता मराठवाड्यातल्या दवाखान्याचं लिहिणं पुरं व्हायचं नाही. २०१६ चा उन्हाळा इथे कुणी विसरणार नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. दवाखान्यांचे नळ टँकरवर चालत होते. कोपरानं उघडायचे सुंदर स्टीलचे नळ बसवलेले, कोपर लावलं की आतून हवेचा आवाज. बादली आणि मगावर हात धुवायचे म्हणजे दुसऱ्यानं मग धरायचा, आणि त्या मगाच्या कानाला दिवसभर सगळ्यांचे हात. तेव्हा फार्मसीत हँडरब घरीच करायला घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची कृती उघडी करून ठेवली आहे, कुणीही करावी म्हणून. इथेनॉलची करायची तर स्पिरिटसाठी उत्पादन शुल्क खात्याचे कागद लागतात, म्हणून आम्ही दुसरी घेतली. आयसोप्रोपिल अल्कोहोल पंचाहत्तर टक्के, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, थोडं ग्लिसरीन, बाकी उकळून गार केलेलं पाणी. भरलेल्या बाटल्या बहात्तर तास तशाच ठेवायच्या, म्हणजे पाण्यात किंवा बाटलीत चिवट बीजाणू असलेच तर पेरॉक्साइड त्यांचा निकाल लावतं. ग्लिसरीन हातांसाठी असतं. ते जास्त झालं की हात चिकट होतात आणि तक्रारी येतात, कमी झालं की कातडी फुटते आणि मग त्या सिस्टर बाटलीकडे फिरकत नाहीत. आमच्या फार्मासिस्टनी दोन-तीन बॅच बिघडवल्यावर प्रमाण बसलं. रक्त-शी लागलेले हात मात्र हँडरबनं साफ होत नाहीत, तिथे पाणीच लागतं. त्या पाण्यासाठी आयसीयूत वेगळे कॅन राखून ठेवले होते आणि त्यावर पहारा होता.

कोविड आला तेव्हा वाटलं, आता मला काम उरणार नाही. गल्लीतला किराणा दुकानदारसुद्धा हातावर सॅनिटायझर ओतत होता. पण कोविड आयसीयूत झालं भलतंच. दोन-दोन ग्लोव्ह्ज घातलेले, वरून किट, आत घाम. एकदा घातलं की सहा-आठ तास उतरवायचं नाही. त्याच ग्लोव्ह्जनं पहिल्या कॉटपासून शेवटच्या कॉटपर्यंत. ग्लोव्ह्ज घालणाऱ्याचे हात जपतात. पेशंटच्या दृष्टीनं ते हातच असतात, त्यांना सगळं चिकटतं. ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पृष्ठभागावर दिवसेंदिवस तग धरतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसांना कोविडमधून बाहेर येता येता त्यानं गाठलं. त्या काळात मोजायला आत जायची परवानगी मला नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीरही झाला नसता. आत काम करणाऱ्या त्या पोरींना कुणी टक्के विचारू नयेत, असंच तेव्हा वाटत होतं आणि अजून वाटतं.

लाट ओसरल्यावर भिंतीवरचे डिस्पेन्सर राहिले, आतलं द्रव संपलं. पुन्हा भरायचं कुणी, हे ठरलेलं नव्हतं. काही बाटल्या पायाला भिंगरी लागल्यासारख्या गायब होत. दारूची दुकानं बंद असताना वणीत २०२१ च्या एप्रिलमध्ये सॅनिटायझर पिऊन माणसं गेली होती, तेव्हापासून मी बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहून कवटी काढते. नवजात बाळांच्या कक्षातसुद्धा. ते दिसायला वाईट दिसतं.

एका रेसिडेंटनं मला अतुल गावंडे यांचं 'बेटर' आणून दिलं. बॉस्टनमधला सर्जन, वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडकडचे. २००७ च्या त्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण हात धुण्यावर आहे. एवढा नामांकित दवाखाना, पैशाला कमी नाही, तरी तिथल्या इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांचं दुखणं आमचंच. मला दिलासा वाटला आणि वाईटही. रेसिडेंट म्हणाला, "म्हणजे हे कधीच सुधारणार नाही." मी त्याला जिनिव्हाचा आकडा दाखवला. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉटजवळ हँडरब ठेवून, वरिष्ठांना पुढे करून मोहीम चालवली. १९९४ मध्ये हात साफ करण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं, ते १९९७ पर्यंत ६६ वर गेलं. दवाखान्यात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण त्याच सुमारास १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. नुसत्या हातांमुळे आलं असं तेही म्हणत नाहीत. पण सहासष्ट! नव्वद नव्हे, शंभर नव्हे. तीनातली एक वेळ चुकत असताना.

हा आकडा मी पाकिटात ठेवल्यासारखा जवळ ठेवते, कारण तो दर वर्षी कामाला येतो. दर्जाच्या मानांकनाची तपासणी जवळ आली की गुणवत्ता समितीत खांब बघून कुणीतरी म्हणतं, "सिस्टर, हे साठीत दिसतंय. शेजारच्या हॉस्पिटलनं पंचाण्णव दाखवलंय." पंचाण्णव दाखवणं काही कठीण नाही. पहिली वीस मिनिटं धरायची, राउंडची वेळ टाळायची, ज्यांच्या अंगठ्या आहेत त्यांच्याकडे बघायचं नाही. मी एकटीनं सांगून पटत नाही म्हणून दुसरा हिशेबही मांडते. दर हजार पेशंट-दिवसांमागे किती लिटर हँडरब संपलं. किमान वीस लिटर तरी असावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. स्टोअरचं रजिस्टर 'पाहुणे आले' ऐकत नाही. ज्या महिन्यात एका वॉर्डात माझे टक्के चढले होते, त्याच महिन्यात त्या वॉर्डाच्या बाटल्या आदल्या महिन्याहून कमी संपल्या होत्या. दोन्ही आकडे मी शेजारीशेजारी लिहिले. बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अधीक्षक म्हणाले, "हे दोन्ही बाहेर पाठवायचे का?"

त्याच संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो की श्रीमंत देशांत तीव्र आजारासाठी दाखल झालेल्या शंभरांतल्या सात जणांना, आणि आपल्यासारख्या देशांत पंधरा जणांना, दवाखान्यातच एखादा नवा संसर्ग लागतो. आमच्या दवाखान्यात किती जणांना लागतो हे सांगायचं तर प्रत्येक तापाचं कल्चर पाठवावं लागेल, प्रत्येक ऑपरेशनच्या पेशंटला महिनाभरानं फोन करावा लागेल. त्यासाठी माणसं नाहीत. हात मोजायला एक बाई लागते, म्हणून आम्ही हात मोजतो.

यंदा दोन्ही आकडे पाठवले. अधीक्षकांनी सही करताना विचारलं, "तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?" मी म्हटलं, मेडिसिन आयसीयूत सहा ते नऊ नंबरच्या कॉटला बाटली अडकवायचे ब्रॅकेट नाहीत, वॉर्डबॉय मामांनी बाटल्या गॉजनं बांधून ठेवल्यात. राउंडच्या वेळी त्या खाली लोंबतात आणि कुणाच्या हाताला लागत नाहीत. आणि त्या चारच कॉटचे टक्के काढले तर सगळ्या आयसीयूचा आकडा तेच खाली ओढतात. त्यांनी खरेदी विभागाला चिठ्ठी लिहून दिली. ब्रॅकेट दरकरारात बसत नाहीत, असा शेरा मारून ती परत आली आहे. सोमवारी पुन्हा जायचं आहे, या वेळी सर्जन सरांना सोबत घेऊन.